आधी घर, मग पेपर

आयुष्यभर मोटारींच्या शर्यतींची प्रसिद्धी करणाऱ्या आमच्या साहेबांनी एकही शर्यत धड पाहिली नव्हती. हजर सगळीकडे असायचे, पण दोरीला टेकून, ट्रॅककडे पाठ करून. मागून गाडी किंचाळत गेली की धुळीचा लोट त्यांच्या डोक्यावरून पुढे यायचा आणि त्या धुळीत उभे राहून साहेब समोरच्या गर्दीचे चेहरे न्याहाळत असायचे. विचारलं तर म्हणायचे, "गाडी सगळेच बघतात हो बाई. बघणाऱ्यांकडे कुणी बघायचं?"

हे आठवायचं कारण माझी नात. तिला शर्यतीच्या एका संघात प्रसिद्धीची नोकरी लागली. परवा ती मुलुंडला माझ्याकडे आली, सोफ्यावर मांडी घालून बसली आणि मला समजावू लागली, "आजी, पीआर म्हणजे ना, स्टोरी आपल्या कंट्रोलमध्ये ठेवायची. तुला नाही कळायचं, खूप फास्ट असतं सगळं."

मी म्हटलं, "हो का गं? कठीण असेल ना?"

तिला वाटतं आजी कुठल्याशा ऑफिसात टायपिस्ट होती. ते खोटं नाही. पण तिच्या आजीने एका धडधाकट माणसाला एका दुपारी पाच वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत मरणाच्या दारात नेऊन उभं केलं होतं, हे तिला ठाऊक नाही. तिच्या आजोबांना मी सांगितलं होतं, तेही अर्धंच.

तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. मुलगी कॉलेजात गेली होती, दुपारी घर खायला उठायचं आणि मला स्वतःविषयी भलते गैरसमज होते. शाळेत निबंधाची दोन बक्षिसं मिळाली होती, तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला लेखिका समजायची. जाहिरात वाचली, 'मोटारक्रीडेच्या प्रसिद्धीसाठी मराठी-इंग्रजी लिहिणारी व्यक्ती हवी', आणि डोळ्यांसमोर काय आलं तर काळा गॉगल लावलेली मी, हातात पाकीट, मागे लाल मोटार. गॉगल मी मुलाखतीच्या आधीच घेतला.

ऑफिस घाटकोपरला, फरसाणाच्या दुकानावरच्या माळ्यावर. खाली पापडी तळायला घेतली की वर आम्ही खिडक्या लावायचो. एक टेबल, एक टाइपरायटर, एक कॉम्प्युटर ज्याच्यावर साहेब टोपी ठेवायचे, आणि भिंतीवर एकही मोटार नाही. साहेब साठीच्या आसपासचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी आलेपाकाची पुडी.

"गाडी चालवता येते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"छान. गाडीत बसल्यावर मळमळतं?"

"नाही."

"हं," ते जरा नाराजीने म्हणाले. "असो. चालेल."

त्यांना मळमळायचं. टॅक्सीत, रिक्षात, ओळखीच्याच्या नव्याकोऱ्या गाडीत, कुठेही. बसने यायचे, तेही दाराशी उभे राहून. ज्या माणसाचे जवळपास सगळे परिचित ताशी दीडशेने गाडी हाकणारे, तो कांजूरमार्गच्या मैदानावर बसमधून उतरून चालत येताना दिसला की पोरं ओरडायची, "काका, सोडू का घरी?" साहेब आलेपाकाचा तुकडा तोंडात टाकून म्हणायचे, "तुझी गाडी आत्ताच धुतलीय, कशाला?"

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ते ठेवत नसत. शर्यतीवाल्यांच्या अंगावरच्या कपड्यांवर आणि हेल्मेटवर नावाखाली रक्तगट लिहिलेला असतो. साहेब त्यांना रक्तगटानेच हाका मारायचे. "अरे बी पॉझिटिव्ह, इकडे ये. तुझ्या गाडीचा नंबर नीट सांग." बी पॉझिटिव्ह चार-पाच होते, सगळे धावत यायचे. बोरीवलीचा एक मुलगा मात्र ओ निगेटिव्ह होता, त्या कंपूत एकटाच. साहेब मला म्हणाले होते, "याला जपा. याचं रक्त सहज मिळत नाही."

मी त्याला जपायला तयारच होते. उंच, सावळा, हसला की एका गालाला खळी. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, त्यामुळे माझ्या मनात काही नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला दिवसातून दोनदा सांगायची.

पहिल्या स्पर्धेला मी पांढरी शिफॉन नेसून गेले. ऑटोक्रॉस म्हणजे मातीच्या मैदानात नारिंगी शंकू मांडून वळणावळणाचा रस्ता करायचा, एकेका गाडीने त्यातून घड्याळाशी स्पर्धा करत सुटायचं आणि शंकू पाडला की वेळेत सेकंद वाढायचे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मातीच्या मैदानात, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. अकरा वाजेपर्यंत शिफॉन चहाच्या रंगाची झाली होती. साहेबांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "आता छान दिसतेय. आमच्यातली वाटते."

लिहिण्याच्या बाबतीत त्यांचा एक नियम होता. 'थरारक' हा शब्द ज्याने लिहिला त्याने सगळ्यांसाठी चहा करायचा. पहिल्या महिन्यात मी एवढा चहा केला की खालचा फरसाणवाला विचारू लागला, वर कॅंटीन काढलंय का. "बाई," साहेब म्हणायचे, "वेळ लिहा, अंतर लिहा, कोण कुठे चुकला ते लिहा. थरथरायचं की नाही ते वाचणारा ठरवेल." मी मनात म्हणायची, या माणसाला साहित्याची जाण नाही.

एकदा टायर कंपनीचे एक मॅनेजर आले. पैसे त्यांचे, तेव्हा प्रत्येक वाक्यात टायरचं नाव हवं म्हणाले. मला वाटलं साहेब भांडतील. ते बरं म्हणाले, मला तशीच नोट करायला लावली आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरांना खुर्चीवर बसवून सत्यनारायणाच्या पोथीच्या चालीत वाचून दाखवली. दर वाक्याला टायरचं नाव आलं की थांबून मान डोलवायचे. तिसऱ्या परिच्छेदाला मॅनेजरांनी हात जोडले. "एकदाच घाला," ते म्हणाले. साहेबांनी प्रसाद म्हणून खालून पापडी मागवली.

पण साहेबांचा खरा विक्षिप्तपणा म्हणजे तिसरी नोट.

वर्तमानपत्रांना बातमी वेळेत हवी असते, म्हणून आम्ही स्पर्धेआधीच प्रेस नोटा तयार ठेवायचो, मोकळ्या जागा सोडून. पहिली नोट सकाळच्या फेरीची. दुसरी निकालाची. आणि तिसरी अपघाताची. तिच्यात नावाच्या जागी टिंबं, हॉस्पिटलच्या जागी टिंबं, बाकी पाच-सहा कोरडी वाक्यं. ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शांत डोक्याने, चहा पिऊन लिहायची. साहेब ती घडी करून आलेपाकाशेजारी खिशात ठेवत, आणि संध्याकाळी सगळे सुखरूप घरी गेले की मैदानातच तिचे बारीक तुकडे करत. इतके बारीक, की एका तुकड्यावर एक अक्षर राहू नये.

"असलं अभद्र आधी कशाला लिहायचं?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"नंतर हात कापतो," ते म्हणाले. "कापणाऱ्या हाताने माणूस फार लिहितो."

त्या नोटेबरोबर एक निळी वही असायची. प्रत्येक रक्तगटासमोर दोन रकाने: कळवायचं कुणाला, आणि कसं. ती वही भरायला साहेब प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन आले होते, बसने, चहा पिऊन. एका बी पॉझिटिव्हसमोर लिहिलं होतं: 'वडील. ऐकायला कमी येतं. फोनवर मोठ्याने सांगावं लागेल, आधी शेजाऱ्यांना कळेल. तेव्हा फोन नको.' ओ निगेटिव्हसमोर: 'आई. एकटी असते. शर्यतीच्या दिवशी टेलिफोनचा रिसीव्हर काढून ठेवते. जायलाच हवं. गेल्यावर पाणी मागायचं. आणून दिल्यावर ती बसते.'

आणि वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ, मोठ्या अक्षरात: 'आधी घर, मग पेपर.'

मी हे सगळं वाचलं होतं. समजलं काही नव्हतं.

तर तो रविवार. कांजूरमार्गलाच ऑटोक्रॉस, मोसमातली शेवटची, आणि ओ निगेटिव्ह पहिल्यांदाच ट्रॉफी जिंकण्याच्या बेतात. आदल्या दिवशी साहेबांना ताप होता म्हणून तिन्ही नोटा मी एकटीने केल्या. पहिल्या दोन झाल्या. तिसरीला बसले आणि माझी प्रतिभा अडली. टिंबांकडे बघून मला काही सुचेना. मग मी, केवळ ओघ यावा म्हणून, टिंबांच्या जागी ओ निगेटिव्हचं नाव घातलं. नंतर खोडायचं ठरवून.

काय सांगू, काय लिहिलं मी. त्याची गाडी 'थरारक' वळणावर उलटली. तो 'मृत्यूशी झुंज' देत होता. मैदान 'नि:शब्द' झालं. लिहिता लिहिता मी खरोखर रडले, पदराने डोळे पुसले आणि इतकं सुंदर लिहिलेलं खोडवेना म्हणून एक वेगळी, टिंबांची कोरडी प्रत साहेबांसाठी केली. सुंदर प्रत माझ्या फाइलीत ठेवली. आपल्यासाठी.

सकाळची फेरी झाली. ओ निगेटिव्ह पुढे होता. मी पहिली नोट आणि तिच्यासोबत वेळांचा तक्ता घेऊन भांडुपला फॅक्सच्या बूथवर गेले. गर्दी होती, घाई होती, गॉगल होता. दोन कागद काढून दिले. पाच नंबर दिले. बूथवाल्याने एकेक कागद यंत्रात घातला, माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सांभाळा ताई स्वतःला."

मला वाटलं, उन्हात दमलेली दिसत असणार. किती भला माणूस.

मैदानात परतले तेव्हा शेवटच्या फेरीला अर्धा तास होता. ओ निगेटिव्ह गाडीच्या बॉनेटवर बसून वडापाव खात होता. साहेब नेहमीसारखे ट्रॅककडे पाठ करून. त्यांचा मोबाईल वाजला. ते ऐकत राहिले, मग शांतपणे म्हणाले, "अहो, तो माझ्यासमोर वडापाव खातोय." पुन्हा ऐकलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"बाई, फाइल बघू."

फाइलीत वेळांचा तक्ता होता. तिसरी नोट नव्हती. तक्त्याऐवजी मी ती सुंदर प्रत बूथवर दिली होती आणि घाईत तिथेच विसरले होते.

"पेपरवाले ते छापत नाहीत," साहेब म्हणाले. "विचारायला फोन केला त्यांनी, भली माणसं. पण त्यांचा बोरीवलीचा बातमीदार फोटो आणायला याच्या घरी निघालाय. स्कूटरवर. त्याच्याकडे मोबाईल नाही."

मी म्हटलं, "आपण घरी फोन..." आणि मध्येच थांबले. रिसीव्हर काढून ठेवलेला असणार. वहीत लिहिलं होतं.

ओ निगेटिव्हने वडापावचा कागद चुरगाळला. "काय झालं, काका?"

साहेबांनी एका वाक्यात सांगितलं. काही झाकलं नाही, माझं नावही नाही. मग म्हणाले, "तुझी शेवटची फेरी आहे. मी बसने जातो, किंवा रिक्षाने. तू ठरव."

त्याने मैदानाकडे पाहिलं. मोसमभर पहाटे उठून त्या गाडीशी झटलेला पोरगा. मग हेल्मेट मागच्या सीटवर फेकलं. "बसा."

त्या काळी ही पोरं शर्यतीची गाडीच घरी न्यायची, त्यामुळे गाडी हीच. आणि साहेब बसले. पुढच्या सीटवर. प्लास्टिकची पिशवी मांडीवर उघडून, डोळे मिटून. "एक सांगतो," ते म्हणाले. "पोचायचंय. जिंकायचं नाहीये. माझ्या पोटाकडे बघून चालव."

पवईच्या चढापर्यंत पिशवी एकदा बदलली होती.

मागच्या सीटवर हेल्मेटशेजारी बसून मी साहेबांच्या मोबाईलवरून उरलेल्या चार कचेऱ्यांना फोन केले. चारदा तेच वाक्य. "ती नोट चुकून आली. अपघात झालेला नाही. चूक माझी आहे." एक उपसंपादक ओरडले. दोघांनी बरं म्हणून ठेवून दिला. चौथे म्हणाले, "लिहिलं मात्र छान होतं हो." आयुष्यात माझ्या लेखनाचं पेपरातल्या माणसाने केलेलं ते एकमेव कौतुक, आणि ते ऐकताना गाडीतून उडी मारावीशी वाटली.

"ताई," आरशातून ओ निगेटिव्ह म्हणाला, "मी कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

"लिहिलं नव्हतं."

"ती दुसरी चूक," डोळे मिटूनच साहेब म्हणाले. "घरच्यांनी जायचं कुठे?"

बोरीवलीला हायवेजवळची जुनी चार मजली इमारत. खाली स्कूटर उभी होती. ओ निगेटिव्हने ती बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. तो तीन-तीन पायऱ्या चढत गेला. साहेब कठडा धरून मागे. मी सगळ्यांच्या मागे, कारण मला वर पोचायचंच नव्हतं.

दार उघडं होतं. हॉलमध्ये पन्नाशीतला एक गृहस्थ पाटावर ठेवलेल्या ताटासमोर बसला होता. ताटात घावणे, चटणी, वाटीत नारळाचा रस. मांडीवर फोटोंचा अल्बम. घास हातात तसाच. मागाहून कळलं की तो पाऊण तास तसाच बसला होता. फोटो हवाय म्हटल्यावर आईला वाटलं पोरगा जिंकला, तिने आधी खायला वाढलं, मग बारशापासूनचे फोटो दाखवायला घेतले. बिचाऱ्याने तीनदा तोंड उघडलं होतं. तिन्ही वेळा तिने आणखी एक घावण वाढला.

ओ निगेटिव्ह दारात आला आणि तो माणूस ताटावरून उठून उभा राहिला. "हा... हा कोण?"

"ह्योच तो, फोटोतलो," आई म्हणाली. मग मुलाकडे वळून, "इलंस? हे पेपरवाले कधीपासून बसलेहत. तुझो फोटो होयो म्हणतत. खंयचो देऊ?"

बातमीदार खाली बसला आणि हातातला घास त्याने तोंडात घातला. त्याच्या डोळ्यांना पाणी होतं. आईला वाटलं चटणी तिखट झाली.

आता निभावलं होतं. कुणी काही बोललं नसतं तर त्या माऊलीला कधीच कळलं नसतं. मी साहेबांकडे पाहिलं. ते पांढरेफटक, भिंतीला टेकलेले.

"आई," ते म्हणाले, "जरा पाणी द्याल?"

तिने पाणी आणून दिलं आणि ती बसली. वहीत लिहिलं होतं तशीच. साहेब पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "सांगा बाई."

मी सांगितलं. नोट कुणी लिहिली, का लिहिली, नाव का घातलं, सगळं. सांगताना मला माझा आवाज शाळेत चोरी करताना पकडलेल्या मुलीसारखा ऐकू येत होता. ती बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिने अल्बम उचलून मिटला. मग म्हणाली, "वाच बघया."

"काय?"

"काय लिवलंस ता. वाच."

बातमीदाराच्या खिशात त्याच्या कचेरीतून आलेली प्रत होती. मी ती हातात घेतली आणि त्या हॉलमध्ये, जिवंत मुलाच्या समोर, त्याच्या आईला वाचून दाखवली. वळण, झुंज, नि:शब्द मैदान. कागद माझ्या हातात थरथरत होता. साहेबांचं बरोबर होतं, हात कापतो.

संपलं. ती म्हणाली, "बी.कॉम. झालो आसा तो. ता खंय लिवलंस?"

मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. नव्हतं.

"कॉलेजात पयलो नाय, पण पास झालो. माझो घोव गिरणीत होतो, गिरण बंद पडली तरी शिकवलो. ता पयलां लिवक होया. गाडी काय, आज आसा उद्या नाय." मग मुलाकडे बघून, "मगे, जिंकलंस काय?"

"नाय. सोडून इलंय."

"माझ्यासाठी?"

"होय."

"येडो," ती म्हणाली. "पुरी करून येवचा होता. मिया खंय पळान जातंय?" आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तो तिच्यामागे गेला. आम्ही तिघं हॉलमध्ये घावण्यांकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने साहेबांनी एक बोट वर केलं. अजून पांढरेच होते. "बाई, त्या नोटेत तो शब्द आहे. 'थरारक' वळण."

मी उठले आणि त्या घरात पाच जणांचा चहा केला. आईने डबे दाखवले. साखर कमी घाल म्हणाली.

परतीला साहेब गाडीत बसायला तयार होईनात. आम्ही दोघं बसस्टॉपवर उभे राहिलो. मी राजीनाम्याची वाक्यं मनात जुळवत होते, आणि तीही, देवा, जरा अलंकारिकच होत होती.

साहेब रस्त्याकडे बघत म्हणाले, "मी आधी एका पेपरात प्रूफं वाचायचो. एका रात्री अपघाताची बातमी आली टेबलावर. घाटातली. नावात एक काना जास्त पडला होता. मी तो काढला. पुढच्या ओळीवर गेलो, मग परत आलो. भाऊ होता माझा."

बस आली. ते दाराशी उभे राहिले, मी आत बसले. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. घाटकोपरला उतरताना एवढंच म्हणाले, "आता निकालाची नोट करायचीय. आघाडीवर असताना ओ निगेटिव्हने घरगुती कारणामुळे शेवटची फेरी सोडली, असं लिहा. आणि बी.कॉम. घाला."

घातलं. पाचांपैकी दोन पेपरांनी ते छापलंसुद्धा. त्यानंतर मी तिथे अकरा वर्षं होते. गॉगल दुसऱ्या आठवड्यात मुलीला दिला.

साहेबांनी लग्न केलं नव्हतं, घरचं माणूस म्हणजे एक बहीण. ऑफिस बंद केलं तेव्हा निळी वही ओ निगेटिव्हला दिली. तो आता पन्नाशीला आलाय, बोरीवलीत मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो आणि मधून मधून स्पर्धाही भरवतो. खळी आहे, केस नाहीत. ट्रॉफी त्याला पुढच्या मोसमात मिळाली, ती आईने देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, चहा झाला का?"

"नाही रे. ठेवतेच आहे. का?"

"ठेवा मग. घ्या. मी थांबतो."

"अरे, सांग ना."

"वहीत तसं लिहिलंय, ताई."

मी गॅसपाशी उभी राहिले. फोन कानाला, तो पलीकडे गप्प. पाणी उकळलं, पावडर टाकली, दूध घातलं, गाळला. बसले. अर्धा कप प्यायले तेव्हा त्याने सांगितलं, साहेब गेले. वहीच्या शेवटच्या पानावर साहेबांनी स्वतःची नोंद केली होती. रक्तगट एबी पॉझिटिव्ह. कळवायचं कुणाला: मुलुंडच्या बाईंना. कसं: चहा झाल्यावर. त्याखाली एक ओळ: 'नोट बाई लिहितील. त्यांचे शब्द कापू नयेत.'

मी लिहायला बसले. वेळ लिहिली, वय लिहिलं, काय काम केलं ते लिहिलं. आधी त्यांच्या बहिणीला फोन केला, मग पेपरांना पाठवली. सहा वाक्यं, सगळी कोरडी, फक्त चौथ्यात एका ठिकाणी तो शब्द होता. कुणी कापला नाही.

मग उठले आणि पुन्हा चहा टाकला. तो शिक्षेचा.